अंगणच वाकडं होतं

आमच्या सासूबाईंचे डोळे गेले, असं आम्ही तिघांनी मिळून ठरवून टाकलं. तिघं म्हणजे माझा नवरा, लाँड्रीवाला आणि मी. पुढे ज्या ज्या लोकांवर मी चिडणार आहे त्यांच्या रांगेत पहिली मीच उभी आहे, हे आधीच सांगते. मग कोणी म्हणायला नको की ही बाई जगाच्या नावानं बोटं मोडते आणि स्वतः नामानिराळी राहते.

सासूबाई रफूचं काम करतात. बेचाळीस वर्षं झाली. शहरात आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, त्याच इमारतीच्या जिन्याखाली तिरक्या छताची एक जागा होती. तिथे त्यांची खुर्ची, एक लाकडी पेटी आणि भिंतीला लावलेले पत्र्याचे डबे. डब्यांत रंगवार धागे. शेजारी लाँड्री. कोणाच्या शालीला कसर लागली, कोणाचा कोट खिळ्याला अडकून फाटला, की लाँड्रीवाला तो कपडा घेऊन जिन्याखाली यायचा आणि म्हणायचा, "बाई, हे एक गरीब जनावर आलंय, बघा वाचतंय का."

रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे त्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बजावलं. "ठिगळ दिसतं. जे दिसतं ते रफू नाही." कापड जसं विणलेलं असेल तसंच, उभा धागा, आडवा धागा, सुईनं पुन्हा विणायचं. धागा शक्यतो त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून काढायचा. तिथे शिल्लक नसेल तर डब्यातला जुळवायचा, आणि खरी परीक्षा तिथेच. काळा हा एक रंग आहे असं मी समजत होते. त्यांच्याकडे काळ्याचे सात डबे होते: निळसर काळा, तपकिरी काळा, हिरवट, राखेसारखा, आणि बाकीचे मला अजून ओळखता येत नाहीत. धागा निवडला की त्या खुर्चीतून उठायच्या, चार पावलं टाकून रस्त्यावर यायच्या आणि कापड नि धागा आभाळाखाली एकत्र धरायच्या. मगच सुईत ओवायच्या. बस पकडायला धावणारी माणसंसुद्धा त्यांना वळसा घालून जायची. सासरे लवकर गेले. माझ्या नवऱ्याचं शिक्षण, आमचं लग्न, सगळं त्या जिन्याखालून बाहेर पडलं.

मग आम्हाला मोकळ्या हवेची हौस आली. हौस नवऱ्याची जास्त, पण माझीही कमी नव्हती. दोन बायका एकाच वेळी उभ्या राहू शकतील असं स्वयंपाकघर मला हवं होतं. शहरापासून बसनं दीड तासावर नवी कॉलनी झाली होती. एकसारखी बैठी घरं, पुढे एकसारख्या दोन पायऱ्या, मागे दुसऱ्या रांगेची भिंत. सगळ्या खिडक्यांना एकसारखी तपकिरी काच. घराच्या किल्लीच्या आधी मला समितीची नियमांची वही मिळाली. दर्शनी बाजूला कपडे वाळत घालू नयेत. दर्शनी बाजूला खुर्ची, स्टूल, पाट काहीही ठेवू नये. घरात किंवा दारात कोणताही धंदा करू नये. काच बदलू नये. एवढे 'नये' वाचून मला खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती. पण स्वयंपाकघर मोठं होतं, म्हणून मी मूग गिळून गप्प बसले.

दुसऱ्याच दिवशी सासूबाई सुया घ्यायला दुकान शोधत निघाल्या. दुकान मिळालं नाही. परत येताना वॉचमननं फाटकाशी अडवलं.

"कोणाकडे काम करता, मावशी?"

"स्वतःकडे," त्या म्हणाल्या.

त्यानं त्यांना तिथेच उभं ठेवून मला फोन केला. मी जाऊन त्यांना घेऊन आले, एखादं पार्सल घेऊन यावं तसं. त्या दिवसापासून त्या फाटकाकडे फिरकल्या नाहीत. "इथे माणसं राहतात की नुसत्या गाड्या?" असं मात्र त्यांनी रोज विचारलं.

काम चालू राहिलं, कारण लाँड्रीवाल्यानं त्यांना सोडलं नाही. नवऱ्याची कचेरी शहरातच. तो आठवड्यातून एकदा कपड्यांची पिशवी घेऊन यायचा आणि झालेली घेऊन जायचा. नियमाप्रमाणे हा धंदाच होता, पण पिशवीवर काही लिहिलेलं नसतं. सासूबाईंना आम्ही पुढची खोली दिली, मोठ्या खिडकीची. खिडकी मात्र बंद ठेवावी लागायची, कारण समोरच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं आणि दुसऱ्याच्या कपड्यावर धूळ बसलेली त्यांना चालत नसे.

पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "या खोलीतला उजेड बरोबर नाही."

नवरा म्हणाला, "आई, भिंतभर खिडकी आहे! जिन्याखाली तर बिळात बसायचीस. होईल सवय."

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा म्हणाल्या, उजेड बरोबर नाही, मी दारात पायरीवर बसते. मी वही उघडून दाखवली. "नियम आहे, आई." म्हणजे वही मी दाखवली, बरं का. चेअरमननं नाही, वॉचमननं नाही.

तिसऱ्यांदा त्या जेवताना बोलल्या, तेव्हा नवरा हसून म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं!" मीही हसले. त्याही हसल्या, आणि त्यानंतर उजेडाचं नाव त्यांनी काढलं नाही.

मग तो कोट आला. एका म्हाताऱ्या व्हायोलिनवाल्याचा काळा कोट, उजव्या कोपरावर फाटलेला. पूर्वी एकदा उसवून लहान केलेला, त्यामुळे आत दुमडीला धागाच शिल्लक नव्हता. सासूबाईंनी बंद खिडकीशी बसूनच डब्यातला धागा जुळवला, चार दिवस विणला, कोट गेला. लाँड्रीवाल्यानं तो उलगडून बघितलासुद्धा नाही. बेचाळीस वर्षांत बाईंचं काम त्यानं कधी तपासलं नव्हतं. म्हातारबुवा तो घालून मंचावर बसले, आणि वाजवताना नेमका हलतो तो उजवा कोपर.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीवाल्याचा मला फोन. "वहिनी, बाईंची तब्येत बरी आहे ना? नाही, कोपरावर चहा सांडल्यासारखा डाग दिसतोय. लोकांनी विचारलं म्हणे त्यांना."

कोट परत आला. सकाळी मी तो झटकायला पायरीवर नेला आणि पाहते तर काय, काळ्या कोपरावर रुपयाएवढा तपकिरी डाग. लहान मुलालाही दिसला असता. मी तो तसाच आत सासूबाईंपुढे नेला. त्यांनी चष्मा लावला, कोपर खिडकीशी धरला, इकडे वळवला, तिकडे वळवला.

"कुठे गं?"

"हे काय, आई. इथे." मी बोट ठेवलं. जागा मला पाठ झाली होती, म्हणून मी कोटाकडे पाहिलंच नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्या एका क्षणात मी कोटाकडे पाहिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी दया करण्यात गुंतले होते.

"मला नाही दिसत," त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले होते. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं डोळे उत्तम आहेत, मोतीबिंदूची किंचित सुरुवात आहे, घाई नाही. नवऱ्यानं त्यातला 'मोतीबिंदू' तेवढा ऐकला. डॉक्टरांनी पुस्तकातले रंग ओळखायला लावले. सासूबाईंनी सगळे ओळखले. त्यावर बाहेर येऊन आम्ही दोघं काय बोललो? "पुस्तकातले रंग सोपे असतात." आम्हाला कोणी विचारलं होतं? डॉक्टर झालो होतो का आम्ही?

त्यांनी पेटी बंद केली. लाँड्रीवाल्याला निरोप गेला की बाईंनी काम थांबवलं. "वाईट झालं हो," तो म्हणाला, "पण वय कोणाला चुकलंय?" कोट त्यांच्या खोलीत दारामागच्या खुंटीला राहिला, बिघडलेला परत द्यायचा नाही आणि दुरुस्त करायची हिंमत नाही. म्हाताऱ्यांनी सावकाश होऊ दे म्हणून सांगितलं होतं. तोच एक कोट होता त्यांच्याकडे, हेही सांगितलं होतं.

आणि मग सासूबाई खरोखर आंधळ्यासारख्या वागायला लागल्या. भिंतीला हात लावून चालायच्या. मीठ का साखर, मला विचारायच्या. स्वतःच्या अंगातल्या कपड्याचा रंग मला विचारायच्या! ज्या बाईला काळे सात माहीत, ती मला विचारते, हे हिरवं आहे का गं. मीही लगेच हात धरायला पुढे. भाजी चिरायची सुरी मी त्यांच्या हातातून काढून घेतली, कात्री वरच्या फळीवर ठेवली. माझी मैत्रीण म्हणाली, किती करतेस गं सासूचं. मला बरं वाटलं. आज त्या बरं वाटण्याची आठवण झाली की कानफटात मारून घ्यावीशी वाटते.

महिनाभर असं चाललं. मग एका सकाळी नवरा कचेरीला निघाला, फाटकापर्यंत गेला आणि तरातरा परत आला. पायरीवर उभं राहून त्यानं पँट घोट्यापर्यंत वर केली.

"एक मोजा काळा, एक निळा! तुलापण मोतीबिंदू झाला का?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मोजे मीच जोडले होते, आणि नीट बघून जोडले होते. बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत ना, म्हणून दोरी सासूबाईंच्या खोलीत बांधलेली. तिथेच खिडकीजवळ बसून मी रोज घड्या घालते. "काढ ते," मी म्हटलं, "आत्ता दाखवते." मोजे घेऊन मी तणतणत त्या खोलीत गेले, खिडकीशी धरले. दोन्ही काळे. एकसारखे, अगदी जुळे भाऊ.

मी ओरडणारच होते, पण नवरा दारात उघड्या पायांनी उभा राहून तोंड वाजवत होता, त्याला ऐकू जावं म्हणून मी खिडकी सरकवली. धूळ आली, उजेड आला आणि हातातला एक मोजा निळा झाला.

खिडकी बंद केली. काळा. उघडली. निळा.

"काय चाललंय? धूळ येतेय," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या.

मी मोजे त्यांच्या हातात दिले, खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. त्यांनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. मग उठल्या, खुंटीवरचा कोट काढला आणि भिंतीला हात न लावता सरळ चालत पायरीवर गेल्या. कोपर आभाळाखाली धरला.

मला वाटलं त्या रडतील, निदान सुटल्यासारखं हसतील. कसलं काय! त्या इतक्या संतापल्या की मी त्यांना तशा कधीच पाहिल्या नव्हत्या.

"निळसर काळ्यात तपकिरी काळा! एवढा मोठा डाग! आणि मला एकानंही चार पावलं बाहेर आणून दाखवला नाही?"

नवरा पुटपुटला, "आई, पण तू आधी सांगायचंस ना..."

"तीनदा सांगितलं. सवय होईल म्हणालास. झाली सवय. त्या काचेतून सगळं खरंच वाटायला लागलं मला."

तो अनवाणीच उभा होता. अंगण खरंच वाकडं होतं, हे त्या क्षणी दोघांच्याही डोक्यात आलं असावं, कारण आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

सासूबाईंनी आतून खुर्ची आणली, पेटी आणली, वरच्या फळीवरची कात्री मला काढायला लावली आणि दर्शनी बाजूला, सगळ्या 'नये' वर पाय देऊन, पायरीशी बसल्या. चुकीचे धागे एकेक करून उपसायला लागल्या. अर्ध्या तासात वॉचमन आला, त्याच्यामागून चेअरमन. हे निवृत्त अधिकारी. रोज कोट-पँट घालून कॉलनीची तपासणी करायचे, जणू रात्रीतून कोणी एखादं घर पळवून नेईल.

"आजी, इथे बसून धंदा करता येत नाही. देखावा बिघडतो कॉलनीचा."

सासूबाईंनी मान वर केली. त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साहेब, तुमचा कोट काळा आहे आणि पँट निळी."

"काहीतरीच काय. सूट आहे हा."

"सूट घरी असेल. याच्या जोडीची पँट कपाटातच राहिली. खिडकी लावून कपडे घातलेत ना?"

त्यांनी खाली पाहिलं. मग वॉचमनकडे पाहिलं. वॉचमन बिचारा आभाळाकडे पाहायला लागला. त्याला हे रोज दिसत असणार. उघड्यावर उभा राहणारा कॉलनीत तो एकटाच. कोपऱ्यावरच्या घरातली बाई कुंपणाशी येऊन उभी होती, ती तोंडाला हात लावून आत पळाली.

आता एखाद्याला लाज वाटली असती. पण चोराच्या उलट्या बोंबा. संध्याकाळी आम्हाला नोटीस आली: दर्शनी भागात अनधिकृत व्यवसाय, सात दिवसांत खुलासा करावा. नवरा म्हणाला, समजुतीनं घेऊ. मी म्हटलं, समजुतीनं तीन महिने घेतलं, आता नाही घेणार. मी खुलासा लिहिला. त्यात लिहिलं की तुमच्या काचेनं एका कारागीर बाईला महिनाभर आंधळं करून ठेवलं, आणि कोणाला खोटं वाटत असेल त्यानं आपले मोजे घेऊन दारात यावं. तो कागद घेऊन मी घरोघरी गेले. पहिल्या दोन घरी दार लावून घेतलं. तिसऱ्या घरच्या मास्तरांनी मोजे आणले. मग मात्र मला कागदावर सह्यांना जागा पुरेना. चेअरमननं सही केली नाही, पण बैठकीत तोंडही उघडलं नाही. 'विशेष बाब म्हणून एका खिडकीस साधी काच' असा ठराव झाला. विशेष बाब म्हणे! बाई काम करते ही विशेष बाब!

कोट तोवर पुरा झाला होता. पाच दिवस त्या पायरीवर बसल्या, रोज उठून पुढे चार पावलं जाऊन तपासत. लाँड्रीवाल्याचा फोन आला. "वहिनी, मी दुकानाबाहेर नेऊन बघितला. म्हातारबुवांनीही बघितला. दोघांनाही आठवेना, कोणत्या हाताचा फाटला होता." पुढे तो जरा अडखळला आणि म्हणाला, "बाईंना द्या ना फोन. मला माफी मागायचीय." त्यानं मागितली. आम्ही मागितली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

काच बसली त्या दिवशी नवऱ्यानं खोली झाडून घेतली, खुर्ची खिडकीशी ठेवली, डबे ओळीनं मांडले आणि आईला हात धरून आत नेलं. खोली अगदी रस्त्यासारखी उजळली होती. सासूबाईंनी काचेला बोट लावून पाहिलं, बरी आहे म्हणाल्या, आणि डबे उतरवून पिशवीत भरायला लागल्या.

"हे काय?" नवरा म्हणाला.

"सोमवारपासून शहरात जाते. जिन्याखाली आता कोणाची मोटरसायकल लावतात म्हणे, पण लाँड्रीवाला दाराशी जागा देतोय."

"आई, जाऊन येऊन तीन तास! आणि काच तर बदलली ना!"

"काच चांगली आहे रे. काचेवर माझा राग नाही."

"मग?"

त्यांनी डब्याचं झाकण नीट बसवलं. आवाज चढलेला नव्हता. "तिथे बेचाळीस वर्षांत दहादा चुकले असेन. गिऱ्हाईकं म्हणायची, बाई, हे चुकलं. मी उसवायचे, पुन्हा करायचे. इथे एकदा चुकले, तर तुम्ही म्हणालात डोळे गेले. आणि मीही मानलं. माझी माणसं म्हणतात तर खरंच असेल असं वाटलं मला."

माझा सगळा संताप, तो कागद, त्या सह्या, कॉलनीभर वाजवलेली दारं, सगळं मी दुसऱ्यांपुढे केलं होतं. त्यांच्यापुढे येऊन एक वाक्य बोलायला मला जमलं नव्हतं. मी त्यांच्या हातातली पिशवी धरली आणि म्हटलं, "आई, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "हं. तो हिरवट काळ्याचा डबा दे इकडे." मी जो दिला तो चुकीचा होता. त्यांनी न रागावता बदलून घेतला.

सोमवारी सकाळी मी त्यांना थांब्यापर्यंत सोडायला गेले. फाटकातून जाताना वॉचमननं खुर्चीतून उठून वाट दिली. बस आली. शहरातल्या बसपेक्षा इथल्या बसची पायरी उंच आहे, आणि त्यांच्या दोन्ही हातांत पिशव्या. मी नेहमीसारखा कोपराला आधार द्यायला हात पुढे केला.

"नको," त्या म्हणाल्या, "दिसतंय मला."

आणि चढल्या.